सगळ्यांचा कॉम्प्युटर

वाचनालयातला कॉम्प्युटर बंद पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आत्ता कोण बसलं होतं?" हा प्रश्न विचारला की उपयोगाची निम्मी माहिती तिथेच गेली असं समजावं. बसलेला मुलगा म्हणतो, "मी काहीच नाही केलं काका." त्याच्या आधीची ताई म्हणते, "माझ्या वेळी नीट चालू होता." दोघंही बहुतेक वेळा खरंच सांगत असतात. पण पडद्यावर नेमकी कुठली ओळ आली होती, ती पेनड्राइव्ह लावायच्या आधी आली की नंतर, प्रिंट दिली तेव्हा बल्ब मिणमिणला का, हे मग कोणी सांगत नाही. जो सांगेल त्याच्या अंगाशी येणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं असतं.

घरच्या कॉम्प्युटरला मालक असतो. काल काय टाकलं, काय काढलं, हे त्याला थोडंफार आठवतं. वाचनालय, ग्रामपंचायत, शाळेची लॅब, सोसायटीचं ऑफिस अशा ठिकाणी एका मशीनवर दिवसभर माणसं बदलत राहतात. कोणाला सातबारा काढायचा असतो, कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, कोणाला एमपीएससीचं हॉलतिकीट हवं असतं. अशा मशीनवर 'बिघाड' म्हणून जे समोर येतं, त्यातलं बरंचसं मशीनचं नसतंच. आधीच्या माणसाने मागे ठेवलेलं काहीतरी पुढच्याच्या वाट्याला आलेलं असतं. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी विचारायचं ते एवढंच: काय दिसलं, आणि त्याच्या आधी काय बदललं?

सगळ्यात साधं उदाहरण कीबोर्डचं. पासवर्ड बरोबर असूनही मशीन आत घेत नाही. कॅप्स लॉक बघून होतं, नम लॉक बघून होतं. खरं कारण असं की आधीच्याने मराठीत अर्ज टाइप केला आणि कीबोर्ड मराठीवर ठेवून उठला. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आत देवनागरी अक्षरं पडतायत हे कळायला मार्ग नाही. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती आधी बघावी. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. वेबसाइटवर अडलं असेल तर पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून बघावा आणि लगेच पुसावा.

याच जातीचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. कीबोर्ड मेल्यासारखा वागतो, कळ दाबली तर अक्षर उमटत नाही, दाबून धरली तर उमटतं. दुकानदार नवा कीबोर्ड देऊन मोकळा होतो आणि नवाही तसाच वागतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की विंडोज 'फिल्टर कीज' सुरू करू का असं विचारतं. कीबोर्डवर फाइल टेकवून ठेवलेली असते, समोरचा न वाचताच 'हो' करतो, आणि तिथून पुढे विंडोज झटपट दाबलेल्या कळांकडे दुर्लक्ष करायला लागतं. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली गेली तर 'स्टिकी कीज'चा असाच प्रश्न येतो. दोन्ही सोयी अपंग व्यक्तींसाठी आहेत आणि त्यांना खरोखर उपयोगी आहेत, त्यामुळे त्या कायमच्या उखडून टाकू नयेत. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन फक्त त्यांचा शॉर्टकट बंद करावा. काही जुन्या मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबला की पडदाच आडवा किंवा उलटा होतो. तोही शॉर्टकटच आहे, पडदा चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमचा. कंट्रोल-ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की सरळ. अशा वेळी मॉनिटर उलटा टेकवून काम भागवणारी माणसंही असतात, आणि त्यांच्या चिकाटीचं मला कौतुकच वाटतं.

यापेक्षा महाग पडणारा घोळ ब्राउझरमध्ये होतो. दोन मैत्रिणी शेजारी बसून एकाच मशीनवर, एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये आपापले अर्ज भरतात. पहिलीचं लॉगिन झालेलं असतं. दुसरी दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करते. टॅब दोन असले तरी कुकी, म्हणजे कोण लॉगिन आहे हे लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली चिठ्ठी, एकच, त्यामुळे साइटच्या लेखी आता मशीनवर दुसरीच बसलेली असते. पहिलीने 'सेव्ह' दाबलं की नशीब चांगलं असेल तर 'सेशन संपलं' असा संदेश येतो, नाहीतर तिची माहिती दुसरीच्या अर्जात जाऊन बसते. यावर इनकॉग्निटो खिडकी उघडायचा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच बरोबर आहे. साधी खिडकी आणि इनकॉग्निटो खिडकी वेगळ्या, पण दोन इनकॉग्निटो खिडक्या आपसात कुकी वाटून घेतात. दोन माणसांना खरंच एका वेळी काम करायचं असेल तर दोन वेगळे ब्राउझर वापरावेत. त्याहून बरं म्हणजे एकीचं पूर्ण झाल्यावर लॉगआउट करून दुसरीने बसावं.

ही अडचण आजची नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली होती, एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याच्या सुरुवातीच्या प्रणालींपैकी एक. तिथे एके दिवशी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दैनंदिन सूचनेच्या जागी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली संपादित करत होते, एक सूचनेची आणि एक पासवर्डची. संपादकाची तात्पुरती फाइल दोघांसाठी एकाच नावाची होती, आणि फाइलींची अदलाबदल झाली. दोघांनी आपापलं काम बरोबर केलं होतं. चूक त्या एका सामायिक नावात होती. सार्वजनिक मशीनचा बिघाड शोधताना ही गोष्ट लक्षात ठेवली तर माणसांवर ओरडण्याचा वेळ वाचतो.

अर्जांच्या बाबतीत 'कॉम्प्युटर घेत नाही' ही तक्रार रोजची. त्यात मशीनचा संबंध क्वचितच असतो. फोटो आणि सहीला किमान आणि कमाल आकार दिलेला असतो, आणि मोबाइलवरून आलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. आयफोनचा फोटो हेइक प्रकारातला असतो. त्याच्या नावाचं शेपूट बदलून जेपीजी केलं म्हणून तो जेपीजी होत नाही, पेंटमध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करावा लागतो. उघडलाच नाही तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडून फोटो पुन्हा काढावा. डाउनलोड केलेलं आधार उघडत नसेल तर फाइल खराब नाही. तिचा पासवर्ड असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. शेवटच्या तारखेला साइट लटकली तर आधी मोबाइलच्या डेटावर तीच साइट उघडून बघावी. तिथेही लटकत असेल तर आपल्या राउटरला उगाच बंद-चालू करत बसू नये. आणि पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी व्यवहाराचा क्रमांक लिहून घ्यावा आणि 'पेमेंट स्टेटस' तपासावं.

प्रिंटरकडे वळू. प्रिंट निघत नाही म्हणून माणूस पुन्हा प्रिंट देतो, पुन्हा देतो, आणि रांगेत एकाच पानाच्या सात प्रती जमतात. पहिली अडकलेली असते, म्हणून बाकीच्या मागे उभ्या. पडद्यावरून 'कॅन्सल' केलं तर 'डिलीटिंग' असं लिहून येतं आणि तसंच राहतं. इथे मशीन रीस्टार्ट करूनही अनेकदा भागत नाही, कारण रांग डिस्कवर साठवलेली असते. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ही रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा, विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टिम-३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स असं शिरून आतल्या फाइली पुसायच्या, फोल्डर मात्र पुसायचं नाही, आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. दोन मिनिटांचं काम आहे. तरीही निघत नसेल तर प्रिंटरच्या यादीत एकाच नावाचे दोन प्रिंटर, दुसऱ्यापुढे 'कॉपी १' असं लिहिलेलं, दिसतात का बघावं. कोणीतरी केबल काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावलेली असते. विंडोजने तो नवा प्रिंटर समजून नोंदवला आणि सगळ्यांच्या प्रिंट जुन्याच, आता अस्तित्वात नसलेल्या, प्रिंटरकडे जातायत. केबल मूळ खाचेत लावावी आणि त्या खाचेवर रंगीत टेप चिकटवावी.

आणि एक तक्रार, जी सांगणाऱ्यावर आधी कोणी विश्वास ठेवत नाही: प्रिंट दिली की कॉम्प्युटर बंद पडतो. ती शब्दशः खरी असते. लेझर प्रिंटरमध्ये शाईची पूड कागदावर पक्की करायला तापणारा रूळ असतो, तो तापताना एका दमात शेकडो वॅट ओढतो. वाचनालयात साधारणपणे असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस, त्याची खरी ताकद ३६० वॅटच्या आसपास. प्रिंटर त्यालाच जोडलेला असला की यूपीएस हात टेकतो आणि सगळंच बंद होतं. लेझर प्रिंटर भिंतीतल्या सॉकेटला थेट जोडावा, यूपीएसवर फक्त कॅबिनेट, मॉनिटर आणि राउटर. यूपीएसमधली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-अवरची असते आणि दोन-तीन वर्षांत थकते. पूर्ण चार्ज केल्यावर ती १२.८ च्या आसपास दाखवते म्हणून खूश होऊ नये. भार टाकून मोजावं. भाराखाली झटकन साडेदहाच्या खाली घसरली की ती संपली.

विजेबद्दल आणखी थोडं, कारण इथे निष्काळजीपणा फार दिसतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. "पावसाळ्यात येतोच थोडा करंट" असं म्हणून लोक पायाखाली रबरी मॅट टाकतात. कारण पावसाळा नसून तुटलेलं अर्थिंग आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतली खरखर त्यांनी अर्थमध्ये सोडायची अशी योजना आहे. अर्थ नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण याच पत्र्याला जोडलेली प्रिंटरची केबल चालू स्थितीत काढ-घाल केली की हा फरक यूएसबीच्या खाचेतून वाट काढतो आणि खाच किंवा मदरबोर्ड जातो. वायरमनकडून सॉकेटवर तीन मापं घ्यावीत. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं माप मोठं आलं किंवा दुसरं भलतंच आलं, तर अर्थिंगचा खड्डा आणि तिथवरची तार बघायची. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या खाचेत बसवलेला दिसला, तर मापं घ्यायचीही गरज नाही.

सगळ्या साइट एकदम 'कनेक्शन खासगी नाही' म्हणू लागल्या तर व्हायरस शोधण्याआधी घड्याळ बघावं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, मेला की वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य असतं, आणि मशीनच्या लेखी ती तारीख अजून उगवलेलीच नसते. सेल तीन व्होल्टचा. मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदलावा. पण बदलण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक गोष्ट लिहून घ्यावी: साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय आहे की आयडीई. सेल काढला की काही बोर्ड मूळ सेटिंगवर परततात, हा मोड बदलतो आणि विंडोज निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतं. तेव्हा घाबरून विंडोज नव्याने टाकणारे आहेत, आणि त्यात वाचनालयाची पुस्तकांची नोंदणीही जाते. मोड पूर्ववत केला की मशीन मुकाट चालू होतं.

नेटवर्कचं लवकर आटोपतो. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा असेल तर तुटलेलं बाहेर आहे, आत कोणी काही करू नये, फोन करावा. मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही: केबल, स्विच (सगळ्या मशीनच्या केबल एकत्र येतात तो डबा), राउटर या क्रमाने बघावं. लॅबमधलं सगळंच नेट एकदम झोपलं आणि स्विचवरचे सगळे दिवे एका तालात जोरजोरात लुकलुकत असतील, तर एका केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलेली असतात. झाडताना कोणाला मोकळं टोक दिसलं, त्यांनी ते चांगुलपणाने रिकाम्या खाचेत बसवलं, एवढंच झालेलं असतं. साध्या स्विचला असा फेरा ओळखता येत नाही, तोच निरोप त्यात फिरत राहतो. एकेक केबल काढत जावं. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती केबल.

पेनड्राइव्ह हा सार्वजनिक मशीनचा खरा प्रवासी. फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट, हे दृश्य बघून माणूस पहिल्यांदा फॉरमॅटकडे धावतो. तसं करू नये, फाइली तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी किडा चालतो आणि मग फोल्डरही उघडतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. शॉर्टकटना हात न लावता आधी अँटिव्हायरसने मशीन आणि ड्राइव्ह दोन्ही तपासावेत, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब ही आज्ञा वापरून 'हिडन', 'सिस्टिम' आणि 'रीड-ओन्ली' या खुणा सगळ्या उपफोल्डरांसकट काढाव्यात. मशीन साफ न करता नुसता ड्राइव्ह साफ केला तर पुढच्या माणसाला तोच प्रसाद. उलट, फाइल उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गाळ दिसला, तर तो व्हायरस नाही. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि इथे तो फॉन्ट नाही. लग्नपत्रिका आणि संस्थांचे जुने अहवाल हमखास असे असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावेत, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतात.

मशीन दिवसेंदिवस मंद होत चाललं तर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टल डिस्क इन्फोसारखा प्रोग्रॅम चालवून चार आकडे बघावेत: ५, १९७, १९८ आणि १९९ या क्रमांकांच्या नोंदी. पहिले तीन शून्यावरून वाढत असतील तर डिस्क जायला लागलीय. अशा वेळी विंडोजच्या चेकडिस्कची सखोल तपासणी लावू नये, मरणाऱ्या डिस्कला ती तासन् तास पळवते. आधी सगळं दुसरीकडे उतरवावं. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठणठणीत असते, बिघाड तिला बोर्डाशी जोडणाऱ्या साटा केबलमध्ये असतो, आणि ती शे-सव्वाशे रुपयांत मिळते. बाकी, जुन्या मशीनमधली फिरती डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकणं हा मला वाचनालयाच्या पैशांचा सर्वात चांगला विनियोग वाटतो. नवा मॉनिटर देणगीत मिळतो, एसएसडी कोणी देत नाही, कारण तिच्यावर देणगीदाराचं नाव लिहिता येत नाही.

या सगळ्याला एक वही लागते. पाच रकाने पुरतात: तारीख-वेळ, काय काम चाललं होतं, पडद्यावर शब्दशः काय आलं, त्याआधी काय बदललं, काय केल्यावर सुरू झालं. नावाचा रकाना मुद्दाम नाही. सायबर सुरक्षेसाठी कोण बसलं त्याचं वेगळं रजिस्टर असतं ते असू द्यावं, पण ही वही त्यापासून लांब ठेवावी, म्हणजे लोक खरं लिहितात. महिन्याभरात वहीच बोलायला लागते. बंद पडण्याच्या नोंदी दुपारच्या असतील तर सीपीयूचा पंखा आणि त्याखालची वाळलेली पेस्ट बघायची. पावसाळ्यात सकाळी सुरू होताना लांब बीप येत असतील तर प्लग काढून, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज घालवून, रॅम काढायची, सोनेरी कडा खोडरबराने पुसून पुन्हा बसवायची, दोन्ही बाजूंचे चाप 'टक' वाजेपर्यंत. आणि काहीही करताना एका वेळी एकच बदल. रॅम पुसली, केबल बदलली, ड्रायव्हरही टाकला आणि मशीन चालू झालं, तर वहीत काय लिहिणार?

रोजच्या मशीनवर अ‍ॅडमिन खातं लॉगिन करून ठेवू नये. साधं खातं, ब्राउझर 'गेस्ट'मध्ये, आणि रोज संध्याकाळी डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं. तिथे काय काय साचतं ते एकदा बघावं: आधार, पासबुकाची पानं, जातीचे दाखले, गुणपत्रिका. सी ड्राइव्ह भरतो ही त्यातली छोटी तक्रार.

आता बऱ्याच ठिकाणी मशीनच बदलायची वेळ आली आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुनी मशीन लिनक्सवर अजून काही वर्षं अर्ज भरण्याइतकी नक्की चालतील. ज्यांचं निर्लेखन होणार, म्हणजे जी वापरातून काढली जाणार, त्यांच्या बाबतीत डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, एक रेघ ओढून मशीन भंगारात दिलं की झालं, अशी पद्धत आहे. क्विक फॉरमॅटने फाइली जात नाहीत, फक्त त्यांची अनुक्रमणिका जाते. फिरत्या डिस्कवर विंडोजच्या डिस्कपार्टमधली 'क्लीन ऑल' ही आज्ञा शेवटपर्यंत शून्यं लिहिते, ५०० जीबीला दोन-तीन तास लागू शकतात, आणि आज्ञा देण्याआधी डिस्कचा क्रमांक तिच्या आकारावरून दोनदा ताडून घ्यावा, नाहीतर भलतीच पुसली जाईल. एसएसडीला कंपनीचं 'सिक्युअर इरेज' वापरावं. जी डिस्क सुरूच होत नाही तिच्या तबकड्यांतून ड्रिलने दोन-तीन भोकं पाडावीत, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात. मग निर्लेखनाच्या ठरावात मशीनच्या क्रमांकाशेजारी डिस्कचा सीरियल नंबर आणि ती कशी पुसली ते लिहावं, आणि त्यानंतरच नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याला फोन करावा.